जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, तरी वाक्य का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करते आहे. विस्मरणात गेलेल्या इंग्रजी शब्दांच्या याद्यांमधून तीनशेएक शब्द वहीत उतरवून पाठ केले. तरीही शेक्सपियर किंवा जेन ऑस्टिनची १८१३ सालची कादंबरी प्राइड अँड प्रेज्युडिस वाचताना अडखळतेच. त्यातला पाद्री मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या कंडिसेन्शनची एवढी स्तुती का करतो, हे तर कळलंच नाही. अजून किती शब्द पाठ करू? कोश कोणता घेऊ? आणि हे शब्द माझ्या लिखाणात वापरू का?’

मी गेली तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. सुरुवात खरेदीखतं आणि कोर्टाच्या कागदांपासून झाली, नंतर जुनी पत्रं आणि पुस्तकं आली. त्या अनुभवावरून सांगतो. तुमची मेहनत खरी आहे, पण ती ज्या शब्दांवर खर्च झाली ते शब्द तुम्हाला अडवत नाहीयेत. अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो, कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढे जातो. घोटाळा करतात ते ओळखीचे शब्द. त्यांच्यापाशी आपण थांबतच नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातलं एक उदाहरण देतो. अठराव्या शतकाच्या शेवटच्या काही इंग्रजी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे आला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘आय शॅल वेट अपॉन यू प्रेझेंटली.’ सगळे शब्द पाचवीतल्या मुलाला येणारे. मी लिहिलं, ‘सध्या मी तुमची वाट पाहीन.’ पुढचं पत्र त्याच हातचं, दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं होतं, आणि त्यात कालच्या पाहुणचाराबद्दल आभार मानले होते. वाट पाहणारा माणूस तर स्वतःच जाऊन आला होता! तेव्हा कोश काढून बसलो. ‘वेट अपॉन’ म्हणजे मानाने एखाद्याच्या भेटीला जाणं, आणि ‘प्रेझेंटली’ म्हणजे लवकरच, थोड्याच वेळात. वाक्याचा अर्थ होता, ‘मी थोड्याच वेळात आपल्या भेटीला येतो.’ सहा शब्दांत एकही अनोळखी नव्हता आणि माझं भाषांतर पूर्ण उलटं झालं होतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. जुन्या मजकुरातलं वाक्य नीट लागत नसेल, तर पहिला संशय अवघड शब्दावर घ्यायचा नाही, सोप्या शब्दावर घ्यायचा.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण एकच उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही. तुम्ही १६०० सालचं वाचताय की १८००चं, यावर बरंच ठरतं. फक्त वाचायचं आहे की भाषांतरही करायचं आहे, यावर ठरतं. आणि लेखकाने तो शब्द जुना म्हणून मुद्दाम वापरला की त्याच्या काळी तो रोजचाच होता, यावर तर सगळ्यात जास्त ठरतं. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

जुने शब्द मी मनातल्या मनात तीन ढिगांत टाकतो. पहिल्या ढिगात वस्तूच गेली म्हणून गेलेले शब्द. ‘ऑस्लर’ म्हणजे खाणावळीत उतरलेल्या प्रवाशांचे घोडे सांभाळणारा. घोड्यांचा प्रवास संपला, माणूस गेला, शब्दही गेला. यांचा काही त्रास नाही, एकदा पाहिला की लक्षात राहतो.

दुसऱ्या ढिगात गोष्ट आहे, पण तिचा जुना शब्द मागे पडला. या ढिगात मराठी माणसाला जो फायदा आहे तो आजच्या इंग्रज मुलालाही नाही. ‘हिदर’, ‘दिदर’, ‘व्हिदर’ आणि ‘हेन्स’, ‘देन्स’, ‘व्हेन्स’ हे शब्द पाठ करायला इंग्रज मुलांना कष्ट पडतात. आपल्याकडे इथे, इकडे, इथून. तिथे, तिकडे, तिथून. कुठे, कुणीकडे, कुठून हे सगळं बोलण्यात जिवंत आहे. ‘हिअर’ म्हणजे इथे, ‘हिदर’ म्हणजे इकडे, ‘हेन्स’ म्हणजे इथून. बाकीचे सहा शब्द तुमचे तुम्हीच लावून घ्याल. तसंच ‘ओव्हरमॉरो’ हा सोळाव्या शतकात सापडणारा शब्द. आज इंग्रजीला त्यासाठी ‘उद्याच्या नंतरचा दिवस’ असं लांबलचक सांगावं लागतं, आपण नुसतं परवा म्हणतो. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. इंग्रजाने रात्री मोजल्या, म्हणून त्याचे सात आणि चौदा झाले. आपण वारापासून वारापर्यंत दिवस मोजले, म्हणून आपला आठवडा आठाचा आणि पंधरवडा पंधराचा. कालावधी तोच. ‘स्कोअर’ म्हणजे वीस, आपली कोडी. लिंकनच्या १८६३च्या गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ अशी आहे, म्हणजे चार कोड्या आणि वर सात, ८७ वर्षं.

याच ढिगात ‘दाउ’ आहे, आणि त्याच्यावर जरा थांबावंसं वाटतं. आजच्या बहुतेक इंग्रजी वाचकांना ‘दाउ’, ‘दी’, ‘दाय’ हे भारदस्त, आदराचे शब्द वाटतात, कारण ते प्रार्थनेत ऐकू येतात. खरं तर ते सरळ आपलं तू, तुला, तुझं आहे. आणि ‘यू’ हे तुम्ही. आपणही देवाला तूच म्हणतो, त्यामुळे प्रार्थनेत ‘दाउ’ का, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील सर एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर.’ इथे पहिला ‘दाउ’ हे क्रियापद आहे! कोशात अर्थ मिळेल ‘एखाद्याला दाउ म्हणून संबोधणे’. बरोबर आहे, पण त्यात जीव नाही. मराठीत यासाठी तंतोतंत शब्द आहे: अरेतुरे करणे. ‘अरेतुरेच करणार तुला, गद्दारा!’ शेक्सपियर वाचताना एक पात्र दुसऱ्याशी बोलता बोलता ‘यू’वरून ‘दाउ’वर कधी येतं आणि परत कधी जातं, याकडे लक्ष ठेवा. घरात वडील रागावल्यावर आईने अचानक ‘अहो’ सोडून बोलावं, तेवढं ते मोठं असतं.

तिसरा ढीग म्हणजे शब्द तोच, अर्थ सरकलेला. खरी मेहनत इथे करायला हवी. तुमच्या घरी भारतीय पासपोर्ट असेल तर तो उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत म्हटलं आहे की धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं. ‘लेट’ म्हणजे तर करू देणं, मग ‘करू दिल्याशिवाय’ जाऊ द्या, हे काय? जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ मोकळीक देणं, दुसऱ्याचा अडवणं. कालांतराने उच्चार झिजून दोघांचं रूप ‘लेट’ असं एकच झालं. एकाच शब्दाने हो आणि नाही दोन्ही म्हणायची वेळ आली, तेव्हा अडवणारा ‘लेट’ मागे हटला. हॅम्लेट बापाच्या भुताकडे धावताना म्हणतो की मला जो ‘लेट’ करील त्याचंच मी भूत करीन. तिथे अर्थ अडवील असा आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतात, तोही हाच अडथळ्याचा ‘लेट’.

पासपोर्टमधल्या या जोडीत एक युक्ती लपलेली आहे. मेलेले शब्द बहुतेकदा जोडीदाराच्या आधाराने टिकतात. आपल्याकडे बाजारहाट आहे, कागदपत्र आहे, एक शब्द दुसऱ्याचा अर्थ सांगतो. ‘लेट’चा अर्थ शेजारचा ‘हिंड्रन्स’ सांगतोय. ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ ही म्हण आपण शाळेत शिकलो आणि काळ आणि समुद्राची भरती कुणासाठी थांबत नाहीत, असा अर्थ लिहिला. मुळात ‘टाइड’ म्हणजेही वेळ, समय. ही कागदपत्रसारखीच जोडी आहे, समुद्र तिथे नंतर आला. म्हणून जुन्या मजकुरात ‘आणि’ किंवा ‘अथवा’ने जोडलेले दोन शब्द दिसले, की आधी ते एकमेकांचे जुळे आहेत का ते बघावं.

या ढिगातला सगळ्यात शिकवणारा गट ‘ताबडतोब’वाल्या शब्दांचा आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, मार्कच्या शुभवर्तमानात, हेरोदियाची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर ‘बाय अँड बाय इन अ चार्जर’ मागते. आजच्या वाचकाला वाटेल, सावकाश कधीतरी, आणि चार्जरमध्ये? ‘बाय अँड बाय’ म्हणजे त्या काळी ताबडतोब, आणि ‘चार्जर’ म्हणजे मोठं तबक. ‘या क्षणी, तबकात घालून द्या.’ त्या मागणीतली सगळी घाई आज उलटी वाचली जाते. ‘प्रेझेंटली’चं हेच झालं, ‘अनॉन’चं हेच झालं, इतकंच काय, ‘सून’ हा शब्दसुद्धा हजार वर्षांपूर्वी लगेच या अर्थाचा होता. असं का होतं, ते कुणाही घरात कळेल. ‘आलोच’ म्हणणारा माणूस खरंच किती वेळाने येतो? ‘लगेच’ म्हणून उशीर करणारी माणसं शतकानुशतकं असली की शब्दच ढिला पडतो. हे कारण एकदा समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. १७०० पूर्वीच्या मजकुरात लवकर या अर्थाचा शब्द आला, की तो ताबडतोबचा असेल का, एवढं तपासायचं.

बाकीचे काही भराभर सांगतो, वहीत यांना आधी जागा द्या. ‘सफर’ म्हणजे परवानगी देणं, ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाऊन पोहोचणं (बायबलमधला स्तोत्रकर्ता म्हणतो मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं, म्हणजे उजाडण्याआधीच उठलो), ‘मीट’ म्हणजे नुसतं मांस नव्हे, कुठलंही अन्न, ‘क्विक’ म्हणजे जिवंत, ‘फाँड’ म्हणजे खुळा, ‘स्टिल’ म्हणजे नेहमी, ‘वाँट’ म्हणजे उणीव, ‘ऑफुल’ म्हणजे धाक वाटावा असं. ‘नॉटी’ म्हणजे दुष्ट. मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये पोर्शिया या जगाला ‘नॉटी’ म्हणते तेव्हा ती लाडाने बोलत नसते. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत ‘मेक लव्ह’ म्हणजे फक्त प्रेमाच्या गोष्टी करणं, मनधरणी करणं. नवे भाषांतरकार इथे हमखास घसरतात आणि दिवाणखान्यातला साधा प्रसंग भलतीकडे जातो. आणि ‘व्हेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का. ज्युलिएट गच्चीतून रोमिओला शोधत नाहीये. तो वैऱ्याच्या घरात जन्मला म्हणून ती विचारते आहे, तू रोमिओच का आहेस?

आता तुमच्या याद्यांबद्दल. मनापासून सांगतो, त्या पाठ करणं थांबवा. त्यातला प्रत्येक शब्द जणू एकेकाळी घरोघरी बोलला जात होता असा भास होतो आणि तो बहुतेक वेळा खरा नसतो. त्यातला ‘उख्तचेआरे’ घ्या, पहाटेच्या अंधारात जाग येऊन छळणारी काळजी. फार सुंदर शब्द आहे. पण तो दहाव्या शतकातल्या एक्सेटर नावाच्या जुन्या इंग्रजी कवितांच्या हस्तलिखितातल्या एका कवितेत एकदाच आला आहे. आपला नवरा परमुलखात कुठे असेल या चिंतेने रात्र काढणाऱ्या बाईच्या तोंडी तो आहे. यादीत ती बाई नाही, नुसता शब्द आहे. ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’, म्हणजे आपल्याला न कळणाऱ्या विषयात बोलणारा, हा १८१९ साली निबंधकार विल्यम हॅझलिटने एका टीकाकारावर फेकलेला टोला आहे. बाजारात कुणी तो कधी बोलत नव्हतं.

काही शब्द तर नव्हतेच. १९३४च्या वेबस्टर कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. मूळ चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’ असं होतं, म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त रूप. कुणीतरी ती अक्षरं सलग वाचली आणि एक शब्द जन्माला आला. १९३९मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा तो पकडला गेला. अशा शब्दांना वॉल्टर स्कीट या अभ्यासकाने १८८६ सालीच भूत-शब्द असं नाव दिलं होतं. शब्दासोबत त्याचं वाक्य आणि साल नसेल, तर मी तो शब्द वहीत घेत नाही.

यावरून कोशाकडे येतो. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश असेल, तोच धरा. १८८४ ते १९२८ असा तो तुकड्यातुकड्यांनी निघाला, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की प्रत्येक अर्थाखाली त्या अर्थाची वाक्यं सालासकट दिलेली आहेत. पहिला अर्थ उचलून निघू नका. तुमच्या पुस्तकाचं साल हातात धरा आणि त्या सालाच्या आसपासची वाक्यं कुठल्या अर्थाखाली आहेत ते बघा. खिशातल्या कोशात आजचाच अर्थ असतो, आणि आजचा अर्थच इथे वैरी आहे. अठराव्या शतकासाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश ठेवा.

आणि एक कोश खास आपल्या लोकांसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सगळ्यांना माहीत असतो, पण मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश फारसं कुणी उघडत नाही. त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. त्या काळच्या इंग्रजी शब्दासमोर त्याच काळचं मराठी ठेवलेलं आहे, मध्ये आजचं इंग्रजी येतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं इंग्रजी वाचताना मला याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचा नाही.

भाषांतर करणार असाल तर लेखकाच्या काळाचा मुद्दा इथे येतो. शब्द आपल्याला जुना वाटतो याला महत्त्व नाही, लिहिणाऱ्याला तो जुना वाटत होता का हे बघायचं. ऑस्टिनच्या पहिल्या वाचकांना तिचा एकही शब्द जुनाट वाटला नसेल. म्हणून तिला बखरीच्या मराठीत आणणं मला चूक वाटतं. उलट, वॉल्टर स्कॉटने आयव्हॅनहोमध्ये मध्ययुगातली माणसं उभी करताना मुद्दाम जुनं इंग्रजी त्यांच्या तोंडी घातलं. तिथे मराठीलाही थोडा जुना रंग दिलाच पाहिजे.

कायद्याचे कागद हे निराळं जग आहे. मुंबईतल्या जुन्या इंग्रजी खरेदीखतांत जमिनीसोबत ‘मेसवेज’, ‘टेनेमेंट’, ‘हेरेडिटमेंट’ अशी माळ आजही भेटते. ‘मेसवेज’ म्हणजे राहतं घर, त्याच्या आजूबाजूच्या पडव्या-गोठ्यांसकट आणि लागून असलेल्या जागेसकट. आपल्या जुन्या खतांत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ अशी माळ असते, तिचंही काम हेच: काहीही बाहेर राहू नये. मला दोन्हींतला सारखेपणा फार आवडतो, पण म्हणून एक माळ काढून तिथे दुसरी घालत नाही, कारण मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. इथे शब्दाला शब्दच द्यायचा.

तुमच्या लिखाणात हे शब्द वापरावेत का? प्रबंधात आणि निबंधात नकोत. वाचणारा अर्थापाशी न पोहोचता शब्दापाशीच अडकेल. एक मात्र लक्षात ठेवा, जुनं कुठलं हे गावावरही ठरतं. ‘थ्राइस’ आणि ‘फोर्टनाइट’ आपल्याकडे रोजचे आहेत, अमेरिकन माणसाला ते पुस्तकी वाटतात. गाडीचं जादा चाक म्हणजे स्टेपनी, हे आपल्याकडे पंक्चर काढणारा प्रत्येक जण जाणतो. १९०४मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी हे जादा चाक बनवायला घेतलं आणि त्यांच्या दुकानाच्या रस्त्याचं नाव त्याला पडलं. ब्रिटनमध्ये तो शब्द केव्हाच विरून गेला. असा आपल्या बोलण्यातला शब्द कुणी चूक म्हटलं तर मान खाली घालू नका, त्याला साल आणि गाव सांगा.

राहिला तुमचा ‘कंडिसेन्शन’. आज त्याचा अर्थ दुसऱ्याला कमी लेखून वागणं असा आहे, म्हणून कॉलिन्सची स्तुती तुम्हाला वेडगळ वाटली. जॉन्सनच्या कोशात अर्थ आहे तो वरच्या पायरीवरून आपणहून खाली येणं, कनिष्ठाशी बरोबरीने वागायला तयार होणं. हा गुण मानला जाई. कॉलिन्स खरोखरच भारावलेला आहे, आणि वाचकाला हसू येतं ते त्या गुणाचं नव्हे, तर लेडी कॅथरीनच्या ठायी त्याला तो दिसतो याचं. शब्द आधी चांगल्या अर्थाने वाचला तरच लेखिकेची ती कोपरखळी लागते. मी ते वाक्य मराठीत असं आणीन: ‘एवढ्या मोठ्या घरातली बाई, पण काय तो मनमिळाऊपणा! आमच्यासारख्यांशी बोलायला दोन पायऱ्या खाली उतरून येतात हो.’ ती पायरी मी मुद्दाम ठेवली आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटातही उतरणंच आहे, आणि बाईसाहेब पायरी उतरल्या तरी पायरी तिथेच आहे हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही.